परवाचं विचारू नका

माझ्या आईला ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्या घरात खोटं बोलायचं झालं तर ते ओरडून बोलावं लागतं. माणसाला खऱ्याची सवय लावायला याहून चांगली व्यवस्था असेल असं मला वाटत नाही. कानाशी लागून बोललेलं खोटं दोघांत राहतं. ओरडून बोललेलं खोटं समोरच्या भिंतीवर आपटून परत येतं, आणि येताना गल्लीतल्या चार-सहा जणांना साक्षीला घेऊन येतं.

एरवी आईच्या कानात मशीन असतं. सुपारीच्या खांडाएवढी वस्तू, पण आमच्या घराची शांतता तिच्यावर उभी आहे. गेल्या उन्हाळ्यात ते मशीन बंद पडलं. पुण्याहून घेतलेलं, तेव्हा दुरुस्तीलाही पुण्यालाच गेलं. आठ दिवसांत दुकानदाराचा निरोप आला – "दुरुस्त झालं. पार्सल केलं आहे. हा नंबर. कुठवर आलं ते घरबसल्या बघा."

'घरबसल्या बघा' या दोन शब्दांनी माझी पंधरा दिवसांची झोप नेली. पार्सल आणणाऱ्या खात्याचं नाव मी इथं घेणार नाही. मी स्वतः वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसतो आहे. दुसऱ्याच्या काउंटरवर दगड भिरकावण्याआधी आपल्यापुढची काच बघावी लागते.

पहिल्या दिवशी मोबाइलवर उमटलं – 'पार्सल स्वीकारलं, पुणे.' मी आईसमोर उभा राहून ओरडलो, "पुण्याहून निघालं!" वास्तविक 'निघालं' असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. नुसतं स्वीकारलं होतं. पण 'स्वीकारलं' हा शब्द ओरडून सांगण्यासारखा नाही. हे माझ्या हातून झालेलं या प्रकरणातलं पहिलं खोटं. लहानसंच होतं, म्हणून मी त्याची नोंद घेतली नाही.

दोन दिवसांनी पार्सल मुंबईला गेलं.

"कुठी आलं रे ते?"

"मुंबईला!"

"मुंबईले कायले?"

याला उत्तर नव्हतं. मग ते नागपूरला गेलं. नकाशा माहीत असलेल्यांच्या लक्षात येईल की मुंबई-नागपूर रेल्वे आमच्या मलकापूर स्टेशनावरूनच जाते. म्हणजे आईचं मशीन आमच्या दाराजवळून, बहुधा रात्री सगळे झोपेत असताना, न थांबता पुढं गेलं. नागपूरहून ते भुसावळला आलं. म्हणजे पुन्हा मलकापुरावरून. भुसावळहून अकोल्याला. म्हणजे पुन्हा एकदा. तीन वेळा आमचं स्टेशन ओलांडून अकोल्यात ते चार दिवस विसावलं.

"शेगावावरून गेलं असंल मंग," आई म्हणाली. "चला, दर्शन त झालं."

गल्ली आता पार्सलच्या प्रवासात पुरती सामील झाली होती. सकाळी दात घासत शेजारचे काका विचारायचे, "काय साहेब, अकोल्याहून हाललं का?" आमच्याकडे निवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी तर मला इतिहासच ऐकवला. म्हणाले, "माग काढण्याच्या बाबतीत रोहिणखेड मागासलेलं नाही. १४३७ साली खानदेशचा सुलतान नासिरखान वऱ्हाडात घुसला. बहमनी सुलतानाचा सरदार मलिक-उत-तुज्जार, त्यानं त्याला इथं, आपल्या रोहिणखेडला गाठून हरवलं, आणि बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला. मध्येच 'माल भुसावळला पडून आहे' असा निरोप आला नाही."

गुरुजींना १५९० सालची दुसरी लढाईही सांगायची होती, पण तेवढ्यात मोबाइल वाजला. पार्सल अकोल्यातच होतं. फक्त आता ते 'अकोल्यात आलं' नव्हतं, 'अकोल्यात पोचलं' होतं.

आता विचार करा, पूर्वी असं नव्हतं. म्हणजे पार्सलं वेळेवर येत होती असं नव्हे. आपल्याला काही कळत नव्हतं. मामानं दिवाळीला पाठवलेली मनीऑर्डर संक्रांतीला आली तरी मधले दोन महिने आम्ही सुखात होतो. पैसे पाठवलेत हेच मुळी ठाऊक नसायचं. तार आली की घरात रडारड सुरू व्हायची आणि मग ती वाचायची. ती तारही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्या काळी अज्ञान हे टपालाचाच एक भाग होतं; त्याचं वेगळं तिकीट लागत नसे.

तेव्हा पोस्टात एक फार भली चीज होती. सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग. नव्या पिढीला ती ठाऊक नसेल. २०११ साली ती बंद झाली. पत्र देताना पत्ता एका कागदावर लिहायचा, त्यावर तिकीट लावायचं, पोस्टातला माणूस शिक्का मारून कागद परत द्यायचा. त्याचा अर्थ एवढाच की हे पत्र या तारखेला आमच्याकडे दिलं गेलं. पुढं ते पोचलं का, कुणी घेतलं का, फाडलं का, याबद्दल तो शिक्का एक अक्षर बोलत नसे. आम्ही बँकवाले त्याला हसायचो. म्हणायचो, हा काय पुरावा झाला? आज वाटतं, इतका सरळ कागद सरकारनं पुन्हा काढला नाही. जेवढं ठाऊक, तेवढंच तो बोलायचा.

कायदासुद्धा या बाबतीत जपून बोलतो. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे, त्याचं २७ वं कलम. बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टरनं पाठवलेला कागद पोचला असं धरून चालावं, उलट सिद्ध होईपर्यंत. 'धरून चालावं'! इंग्रजांच्या काळातला कायदा, पण तोही 'पोचलाच' म्हणायला धजला नाही. आमच्या मोबाइलला मात्र कसलीच भीड नाही.

पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नुसतं चिडून माझं समाधान होत नाही, मला आकडे लागतात. रात्री झोप येईना म्हणून मी या नंबरांची कुळकथा वाचून काढली. आणि खोटं कशाला सांगू, मान खाली घातली. आपला पिनकोड घ्या. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसानं. केंद्राच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत त्यांनी देश बसवला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. एक खेड रत्नागिरीत, एक खेड पुण्याजवळ. सिंदखेड राजा आमच्या जिल्ह्यात तर शिंदखेडा धुळ्यात. भाषा वेगळी, अक्षर किरटं, गावं एकाच नावाची. अशा या देशात एका कवीला आकड्यांचा आधार घ्यावासा वाटला, यातच सगळं आलं.

आणि टपालाचे ते लांबलचक नंबर! जगभरातल्या टपालखात्यांनी मिळून ठरवलेला नंबर तेरा खुणांचा असतो. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. या नऊ आकड्यांतले पहिले आठच खरे, नववा पहारेकरी. पहिल्या आठांना ठरावीक संख्यांनी गुणायचं, बेरीज करायची, अकरानं भागायचं, आणि उरलेल्या बाकीवरून नववा आकडा काढायचा. लिहिताना एक आकडा जरी चुकला तरी बहुतेक वेळा पहारेकरी ओरडतो. मला भरून आलं. आमच्या खात्यांच्या नंबरांनासुद्धा कुणी इतकं जपत नसेल.

मग लक्षात आलं की हा पहारेकरी फक्त नंबरावर पहारा देतो, पार्सलवर नाही. नंबर बरोबर आहे एवढं तो छातीठोक सांगेल. त्या नंबराचं पार्सल अकोल्यात आहे की पोत्याखाली, हे त्याला ठाऊक नाही. बी.कॉम.ला आम्हाला हेच शिकवलं होतं. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असं नव्हे. रामाचे हजार शामाच्या खात्यात घातले तरी तेरीज जुळतेच. तेरीज जुळल्यावर कारकून घरी जातो. राम मात्र पैसे शोधत बँकेत येतो.

असो. पंधराव्या दिवशी पार्सल तालुक्याला आलं आणि त्याच दिवशी उमटलं – 'वाटपासाठी निघालं.' आईनं सकाळपासून ओट्यावर ठाण मांडलं. संध्याकाळी मोबाइलवर शेरा आला – 'घर बंद. पत्तेदार मिळून आला नाही.'

हा शेरा मी चांगला ओळखतो. थकबाकीदारांना पाठवलेल्या आमच्या नोटिसा हाच शेरा घेऊन परत येतात. 'मिळून आला नाही' वाचलं की आम्ही मान डोलावतो – तोंड चुकवतोय लेकाचा. आज तोच शेरा माझ्या ऐंशी वर्षांच्या आईच्या नावावर पडला होता, आणि ती समोर ओट्यावर बसून विचारत होती, "आलं का रे?"

"उद्या!" मी ओरडलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'वाटपासाठी निघालं.' 'घर बंद. पत्तेदार मिळून आला नाही.' आईला विचारलं तर म्हणाली, "ओट्यावरच त होती मी दिवसभर." झालं. माझं पित्त खवळलं. तिसऱ्या दिवशी रजा टाकली, मोटरसायकल काढली आणि वाटेत तक्रारीचा मसुदा पाठ करत निघालो. पहिलंच वाक्य इतकं जोरदार झालं होतं की दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

काउंटरमागे माझ्याच वयाचा माणूस बसला होता. तोच कंटाळलेला चेहरा, तीच शर्टाच्या खिशातली दोन पेनं, तोच थंड झालेला चहा. आरशासमोर उभं राहून तक्रार करायची म्हणजे अवघडच. तरी मी मसुदा म्हटला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सिस्टीमले तसं दाखवून रायलं."

माझा सगळा जोर ओसरला. हे वाक्य मी रोज किमान दहा वेळा उच्चारतो. ते समोरून ऐकताना कसं लागतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात वाटप करणारा पोरगा आला. मी त्याला धरलं. "काय रे, घर बंद होतं म्हणे?"

"काल आलतो न साहेब. आईच्यान आलतो. चार हाका मारल्या, कडी वाजवली. कोनीच बोलेना. मंग लिवलं."

"आणि परवा?"

त्यानं काउंटरवाल्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि हळूच म्हणाला, "परवाचं इचारू नका."

मला एकदम हसू आलं. पंधरा दिवसांत त्या पार्सलबद्दल मला मिळालेली ही पहिली खरी माहिती होती. परवा गाड्यात माल जास्त, ऊन रणरणतं, रोहिणखेड राहून गेलं. संध्याकाळपर्यंत यादी तर मोकळी करायची. मग केलं बटण दाबून मोकळं. काल मात्र तो खरोखर आला होता. चार हाका मारल्या होत्या. आणि आतून उत्तर का आलं नाही? कारण ज्या कानांनी ती हाक ऐकायची, ते कान त्याच्या पिशवीत होते.

घरी येऊन चौकशी केली. समोरच्या वहिनींनी सांगितलं, काल अकराच्या सुमाराला आई मागच्या अंगणात कुरडया वाळत घालायला गेली होती. तासभर तरी. दार लोटलेलं होतं. म्हणजे 'दिवसभर ओट्यावर होते' ही आईची नोंदही जराशी पुढं-मागंच होती.

रात्री खाटेवर पडून मी हिशेब मांडायला घेतला. दोन नोंदी. शब्द तेच, वेळ जवळपास तीच. परवाची खोटी, कालची खरी. मोबाइलवर दोन्ही सारख्याच दिसत होत्या, आणि मी दोन्हींवर सारखाच चिडलो होतो. एका खोट्या नोंदीनं नुकसान एवढंच नाही केलं की त्या दिवशी पार्सल आलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशीची खरी नोंदही खोटी करून टाकली. चार हाका मारलेल्या पोराला मी लबाड ठरवून मोकळा झालो होतो.

आणि परवा खोटं बोललं तरी कोण? मोबाइल? त्याला जे भरवलं ते त्यानं दाखवलं. पोरगा? त्यानं एक बटण दाबलं. त्या यादीत 'आज जमलं नाही' असं बटण नसावं. काउंटरवाला? तो वाचून दाखवत होता. खोटं तर धडधडीत बोललं गेलं, पण बोलणारा सापडत नाही. पूर्वी पोस्टमन थाप मारायचा, तर निदान चहाच्या टपरीवर त्याला गाठून विचारता तरी यायचं.

हे असं तत्त्वज्ञान चाललं असतानाच मला तो म्हातारा आठवला. खरं म्हणजे आठवू नये म्हणूनच तत्त्वज्ञान चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. घाटाखालच्याच एका गावचा शेतकरी, पीककर्जाच्या नूतनीकरणाचा अर्ज दिलेला. तीन वेळा एस.टी.नं आला. "साहेब, माह्या कागदाचं काय झालं?" तिन्ही वेळा मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथं होतं 'प्रक्रिया सुरू आहे.' तिन्ही वेळा मी म्हणालो, "प्रक्रिया सुरू आहे, होईल आठ दिवसांत." ती नोंद पहिल्या दिवशी मीच केली होती, कारण काहीतरी निवडल्याशिवाय स्क्रीन पुढं सरकत नव्हता. अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये होता. वरून तीन नंबरला. मी तो तिन्ही वेळा काढून पाहिला नाही. जूनमध्ये मृग लागला. त्यानं बियाणं उधारीवर, चढ्या भावानं उचललं.

पुढं कधीतरी तो पासबुक भरायला आला, तेव्हा बोलला. रागावला नव्हता, तेच वाईट. म्हणाला, "तुमी होईल म्हनले, म्हनून थांबलो. माहीत नाही म्हनले असते, त सोयऱ्याकडून पैसे घेतले असते."

माझं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यापुढं फिकं आहे. खोट्या दिलाशाची किंमत ही असते. 'होईल', 'निघालं', 'उद्या' हे शब्द माणसाला जागेवर बांधून ठेवतात. 'माहीत नाही' हा शब्द ऐकायला कडू, पण तो माणसाला मोकळं करतो. तो दुसरा रस्ता शोधतो. मला पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं, की तुमचं पार्सल कुठं आहे ते आम्हाला ठाऊक नाही, तर मी घाट चढून बुलढाण्याला गेलो असतो, आईला एखादं साधं मशीन तात्पुरतं आणून दिलं असतं. मी ते केलं नाही, कारण ते रोज कुठंतरी 'पोचत' होतं. आणि आईला मी रोज 'उद्या' सांगितलं, तेव्हा त्या खात्याहून मी वेगळं काय केलं? ते निदान ओरडत तरी नव्हते.

पार्सल दुसऱ्या दिवशी आलं. पोरगा स्वतः अंगणात शिरून, मागच्या दारापर्यंत जाऊन देऊन गेला. आईनं मशीन कानात घातलं, बोटानं खालीवर केलं. मी सवयीनं ओरडलो, "येतंय का ऐकू?"

"वरडू नको," आई म्हणाली. "आता येते ऐकू." मग थोडं थांबून म्हणाली, "तू उद्या उद्या म्हने, ते ऐकू नाही ये. पन तुह्या तोंडावर समजे, की तुले बी मालूम नाही."

तेव्हापासून मी काउंटरवर एक प्रयोग करतो आहे. आमच्या स्क्रीनवरच्या यादीत 'माहीत नाही' असा पर्याय नाही, आणि मी हयात आहे तोवर येईल असं वाटत नाही. म्हणून तो मी तोंडी चालवतो. पहिल्या दिवशी एका बाईंनी विचारलं, "भाऊ, माह्या कागदाचं काय झालं?" मी म्हणालो, "माहीत नाही. थांबा, पाहून सांगतो." बाई घाबरल्या. शेजारच्या काउंटरकडे बघून म्हणाल्या, "यायची तब्येत बरी नाही का?"

मी उठून पाहिलं. कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. मी तेही त्यांना सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं.